ब्राउजरला मराठीत काय म्हणायचं? न्याहाळक, चाळणे, की आहे तेच बरं?

मंडळी, एक अडचण आहे. आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी मी ज्येष्ठांना मोबाइल शिकवते, त्यांच्यासाठी दोन पानांचं सोपं टिपण लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडकले. ओळ अशी, "फोनमधला ब्राउजर उघडा." वाचून दाखवल्यावर एका आजींनी विचारलं, म्हणजे गूगल का? शेजारच्या म्हणाल्या, नाही हो, क्रोम. आणि मागचे काका म्हणाले, नेट म्हणायचंय तिला. आता गूगल ही कंपनी आणि तिचं शोधायचं पान, क्रोम हा तिचाच एक ब्राउजर, आणि नेट म्हणजे रिचार्ज मारल्यावर येतं ते. तिन्ही वेगळं आहे हे मला माहीत आहे पण चटकन सांगता आलं नाही, कारण सांगायला शब्दच नव्हता हाताशी.

न्याहाळक हा शब्द बऱ्याच ठिकाणी वाचलाय. मला तो पटत नाही. न्याहाळणे म्हणजे एकाच गोष्टीकडे थांबून, बारकाईनं बघणं. आरशात न्याहाळतो, पाळण्यातल्या बाळाला न्याहाळतो. फोनवर आपण नेमकं उलटं करतो, अंगठ्यानं सरसर वर ढकलत जातो आणि काही दिसलं तरच थांबतो. त्याला मी तरी चाळणे म्हणेन, पेपर चाळला, पुस्तक चाळलं तसं. तुमच्याकडे काय म्हणतात, आणि इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ कुणाला माहीत आहे का?

---

ताई, मूळ अर्थ शेळीचा आहे. खरंच. ब्राउज हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून आलं, तिकडे त्या शब्दाचा अर्थ कोवळा कोंब, धुमारा. प्राणिशास्त्रात अजूनही हा फरक पाळतात, गाय जमिनीवरचं गवत खाते ते ग्रेझिंग आणि शेळी, हरीण, जिराफ झाडाझुडपाचा पाला खातात ते ब्राउझिंग. पुस्तकं चाळण्यासाठी हा शब्द वापरायला लागले ते फार नंतर, एकोणिसाव्या शतकात.

आमच्या घरी शेळ्या होत्या म्हणून सांगतो, शेळी चरताना बघा कधी. मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरीचा शेंडा खुडेल, दोन पानं खाल्ली की पुढच्या बाभळीकडे, तिथून परत तिसरीकडे, एका झाडाशी पोट भरेपर्यंत थांबणं तिच्या स्वभावातच नाही. म्हणून न्याहाळकपेक्षा तुमचं चाळणे मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे. फक्त चाळण्यात चाळणीही आहे, म्हणजे नको ते खाली पाडून हवं ते वर ठेवणं, ते शेळीत नाही. पण हवंय ना आपल्याला ते? मला तर वाटतं ही भरच पडली.

आमच्याकडे आई वेगळाच शब्द वापरते, "सकाळपासून फोन चिवडत बसलाय". ताटातलं अन्न न खाता बोटानं चिवडतात तसं. अंगठ्याच्या हालचालीचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरं ऐकलेलं नाही, पण त्यात रागावणं आहे, टिपणात चालणार नाही.

---

न्याहाळकच्या बाजूनं मी बोलतो, कारण सगळे आजच्या मोठ्या टचस्क्रीनवरून विचार करताय. माझं मोबाइलचं दुकान होतं, बटणांचे फोन होते तेव्हापासून. दोन इंचाचा स्क्रीन, जीपीआरएस म्हणजे तेव्हाचं संथ नेट, केबीच्या हिशोबानं बॅलन्स कापला जायचा. त्या काळात गिऱ्हाईक यायचं ते एकच मागायचं, ओपेरा मिनी टाकून द्या. नॉर्वेतल्या कंपनीचा ब्राउजर, २००६ च्या जानेवारीत जगभर खुला झाला. त्याची खुबी अशी की वेबसाइट तुमचा फोन उघडायचाच नाही, ती कंपनीच्या सर्व्हरवर उघडायची, तिथे पिळून पिळून पार दहाव्या हिश्शापर्यंत लहान व्हायची आणि मग फोनवर यायची, म्हणून साध्या जावाच्या फोनवरही पानं दिसायची आणि पैसेही कमी जायचे.

चौथ्या आवृत्तीपासून आधी अख्खं पान नकाशासारखं बारीक दिसायचं, त्यावर चौकट फिरवायची, २-४-६-८ नं सरकायचं आणि ५ दाबलं की तेवढाच तुकडा मोठा. आता याला चाळणं कसं म्हणणार? ते न्याहाळणंच होतं, डोळे बारीक करून.

आणि मराठी वाचणाऱ्यांना तर दुप्पट. त्यातल्या बऱ्याच फोनांत देवनागरी फॉन्ट नसायचा, मराठी पान उघडलं की ओळीच्या ओळी चौकटी. मग पत्त्याच्या जागी ओपेरा:कॉन्फिग टाइप करायचं, खाली जटिल लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट असा एक पर्याय होता त्यापुढे यस करायचं आणि सेव्ह. की सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा आणि मराठी दिसायला लागायचं! कॉपी करता यायची नाही, पानही जड व्हायचं, पण दिसायचं. त्या एका सेटिंगसाठी लांबून पोरं यायची, मी कधी पैसे घेतले नाहीत त्याचे. आपल्या भाषेतली बातमी पहिल्यांदा फोनवर बघताना माणसं गप्प व्हायची ते मी पाहिलंय. त्यामुळे न्याहाळक शब्दाला नावं ठेवू नका, एका काळाचं ते अगदी खरं वर्णन आहे.

---

वा, काका, हे माहीत नव्हतं. त्याच्याही आधीचं एक सांगते. वॅप, म्हणजे छोट्या फोनवर नेट दाखवायची पहिली पद्धत, आलं १९९८ मध्ये, नोकिया ७११० हा ते असलेला पहिला फोन, १९९९ चा. त्याच्या भाषेत पानाला पान म्हणतच नव्हते, छोट्या स्क्रीनवर मावेल एवढा तुकडा म्हणजे कार्ड, आणि असे अनेक कार्ड एकदम पाठवायचे त्याला डेक. म्हणजे आपला पत्ता आणि पत्त्यांचा कॅट! एकदा कॅट फोनवर आला की एकेक पत्ता उलटायला परत नेटवर्क लागायचं नाही. त्या ब्राउजरला मायक्रोब्राउजर म्हणायचे. तेव्हा कुणी मराठी केलं असतं तर पिसणे, वाटणे, उलगडणे असे शब्द आले असते.

बाकी लिहिण्याबद्दल, ब्राउजर की ब्राउझर? मी ज लिहीन. बहुतेक लोक इंग्रजी झेडसाठी झ लिहितात, झेरॉक्स, झूम वगैरे, पण नजर, हजार, बाजार यातला ज आपण उच्चारतो तोच इथे हवाय. नजर वाचता येतं तर ब्राउजर वाचता येईलच. झ लिहिलं तर उगाच हकार येतो.

---

सगळ्यांचे आभार, पुष्कळ मिळालं. काल वर्गात करून बघितलं. न्याहाळक म्हटल्यावर कुणालाच काही उघडता आलं नाही. चाळक म्हटलं तर ते चालक ऐकू आलं. पण नाव बाजूला ठेवून नुसतं "वेबसाइट ज्यातून बघतो ते ॲप" म्हटलं तेव्हा पंधरापैकी बाराजणांनी बरोबर क्रोम नाहीतर सॅमसंगचं ते जांभळं उघडलं. म्हणजे नाम बदलायची गरजच नव्हती बहुतेक, क्रियापदं हवी होती. टिपणात आता ब्राउजर तसाच ठेवलाय आणि बाकी ओळी अशा, बातम्या चाळा, आवडलं पान खुणेला लावा, मागे या, खिडकी मिटा. "डेस्कटॉप साइट" पुढे मात्र लिहिलंय, "यावर टिक केली की फोन आपण कॉम्प्युटर असल्याची बतावणी करतो". सातबारा बघताना पान अर्धवट दिसलं की ते लागतं, आणि बतावणी म्हटल्यावर सगळ्यांना एका दमात कळलं.

अजून एक शब्द मात्र टोचतोय. गुप्त टॅब, इंग्रजीत इनकॉग्निटो म्हणतात ती. एका काकांना वाटत होतं त्यात काहीही केलं तरी कुणालाच कळत नाही, बँकेचं पण ते त्यातच करायचे, सुरक्षित म्हणून. खरं तर फोनवर इतिहास उरत नाही एवढंच, समोरच्या वेबसाइटला आणि नेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठे गेलात ते दिसतंच. गुप्त या शब्दानं माणूस फसतोय. "बिननोंदीची खिडकी" कसं वाटतं? की "पाटी पुसणारी"? शनिवारच्या आत छापायला द्यायचंय.

---

पाटी पुसणारी. पाटी घरातली पुसली तरी मास्तरांनी बघितलेलं असतंच, हे साठीच्या माणसाला वेगळं समजवावं लागणार नाही.