गणपतीच्या प्रदर्शनासाठी क्रोशाचे उंदीर: लोकर कुठली, भाव काय लावू? (सल्ला हवा)

कोथिंबीरवडी
नमस्कार मंडळी. क्रोशा आईकडून शिकले. आईचा सगळा जीव ताटावरच्या रुमालात आणि बाळंतविड्यातल्या टोपड्यांत. मला मात्र छोट्या येडपट बाहुल्याच विणायला आवडतात. आत्तापर्यंत वडापाव, कटिंगचा ग्लास, डोळे मिचकावणारा हापूस आणि मोदक पोटाशी धरलेला उंदीर एवढं जमलंय. उंदीर साधारण ९ सेंमी उंच आहे, एकाला तीन तास लागतात.
गणपतीच्या आधी सोसायटीत दोन दिवस प्रदर्शन आहे. स्टॉलचे ७०० धरून बजेट ३००० रुपये, त्यापेक्षा एक रुपया जास्त नाही (नवऱ्यासमोर बोलून बसलेय). लोकर कुठली घेऊ, सुई कुठली, आणि भाव किती ठेवू? मी १२० धरलाय. नणंद म्हणते ८० ठेव, "घरीच तर करतेस".

शेवंता_नाशिक
मिल्क कॉटन (मऊ, सुती मिश्रणाची लोकर) घ्या, डोळे झाकून. अ‍ॅक्रिलिकला महिन्याभरात गोळे येतात, उंदराला खरूज झाल्यासारखं दिसतं. आणि सुई ट्यूलिप कंपनीची. मी गेल्या वर्षी पूर्ण संच घेतला, सहा हजारांच्या वर गेला, पण मनगट दुखायचं थांबलं.

कोथिंबीरवडी
ताई, बजेट ३००० आहे हो. सगळं धरून.

शेवंता_नाशिक
हो, पण मनगट एकदाच मिळतं.

पेठेतला_पिंट्या
रविवार पेठेत जा. ऑनलाइन रंग एक दिसतो, घरी भलताच येतो. माझ्या बायकोने मोदकासाठी ऑफव्हाइट मागवला, आला तो ताकातल्या भाकरीच्या रंगाचा. दुकानात लड दारापाशी, उजेडात नेऊन बघायची. आणि एका रंगाचे सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या, वेष्टनावर नंबर असतो. नाहीतर उंदराचं डोकं एका रंगाचं, धड दुसऱ्या.

माईआज्जी
बाळा, आमच्या वेळी हे मिल्क बिल्क काही नव्हतं. वर्धमानची लोकर आणि पोनीची सुई, त्यावर मी चार नातवंडांचे पायमोजे विणले, अजून पेटीत आहेत. तू मुका खांब, म्हणजे तो साधा बुटका टाका, घट्ट घाल म्हणजे झालं.

अर्धा_खांब
आज्जींचा मुद्दा खाली दबून जायला नको. अमिगुरुमीत (या क्रोशाच्या भरीव बाहुल्यांत) सगळा खेळ घट्ट टाक्याचा. वेष्टनावर ४ मिमीची सुई लिहिली असेल तर बाहुलीसाठी २.५ नाहीतर ३ ची घ्या. टाका सैल राहिला की पोट भरल्यावर खांबांच्या मधून पांढरा कापूस डोकावतो आणि उंदीर म्हातारा दिसतो. मॅजिक रिंगमध्ये (सुरुवातीच्या आवळता येणाऱ्या फासात) ६ मुके खांब, मग १२, १८, २४ असं वाढवत जायचं हे तुम्हाला येतच असेल. पण कमी करताना दोन टाक्यांचे फक्त पुढचे धागे सुईवर घ्या, मागचे सोडा. मग मानेपाशी ती भोकांची रांग दिसत नाही. माझे पहिले सहा ससे त्या भोकांपायी वाया गेले.
सातवा वेगळ्याच कारणाने. पॅटर्न ब्रिटिश होता. त्यांचा डबल म्हणजे अमेरिकन सिंगल, म्हणजे आपला मुका खांब. मी पूर्ण खांब घालत बसले. ससा जिराफाएवढा झाला.

निवांत_नाना
एक शंका. क्रोशा की क्रोशे? शब्द फ्रेंच आहे, क्रोशे म्हणजे छोटा आकडा. मग क्रोशा कशाला म्हणायचं?

माईआज्जी
आम्ही क्रोशाच म्हणतो.

पेठेतला_पिंट्या
नाना, मग पाव पण पोर्तुगीज उच्चारात म्हणायचा का?

निवांत_नाना
मी फक्त मूळ सांगितलं. चिडायचं काय त्यात?

हिशेबी_हेमा
धाग्याचं काश्मीर करू नका, तिने भाव विचारलाय.
कोथिंबीरवडी, एका उंदराला लोकर, कापूस, डोळे मिळून ४० रुपये धरू. १२० ला विकलास तर उरले ८०. तीन तासांचे. म्हणजे तुझा तास साडेसव्वीस रुपयांना गेला. स्टॉलचं भाडं अजून धरलंच नाही. नणंदेच्या भावाने तर तास तेरा रुपयांवर येतो. निदान ३५० ठेव. स्वस्त हवं असणाऱ्यांसाठी वीस मिनिटांत होणारं काहीतरी ठेव, फूल, पाच पाकळ्यांची कीचेन, केसांचे रबर. माझ्या स्टॉलवर पैसे रबरांवरच सुटतात, बाहुल्या नुसत्या गर्दी जमवतात.

सुप्रिया_दोहा
+१ रबर. इथे महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात माझी तीस रबरं अर्ध्या तासात संपली. बाहुल्या लोक हातात घेतात, "किती गोड" म्हणतात आणि ठेवून देतात.

दामले_मास्तर
"घरीच तर करतेस" यावर थोडं. आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. तिथे मिशनऱ्यांच्या काळापासून बायका क्रोशाची लेस विणतात, ती परदेशी जाते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ मध्ये तो प्रसिद्ध केला. बायका दिवसभर विणत होत्या, पण व्यापारी त्यांना कामगार म्हणतच नव्हते. म्हणत, या घरी बसलेल्या गृहिणी, रिकाम्या वेळात दोन टाके घालतात. त्या एका शब्दावर मजुरी तळाला ठेवता आली. तुमच्या नणंदेचं वाक्य तेच आहे, फक्त मराठीत.

कोथिंबीरवडी
मास्तर, हे नणंदेला दाखवू की नको? :)

शेवंता_नाशिक
नको. गणपतीत घरी येणार असेल ना.

कायदेशीर_काका
कुणीच न सांगितलेलं सांगतो. खेळण्यांचा गुणवत्ता आदेश आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. ते कारागीर ओळखपत्र काढून ठेवा. उद्यम नोंदणीही (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) करा, ती ऑनलाइन आणि फुकट असते. कुणी एजंट पैसे मागत असेल तर फोन ठेवा. माझ्या मेहुणीने त्या फुकटच्या कागदाचे १५०० मोजले.
पुढे ऑनलाइन विकलंत तर, १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला आपल्याच राज्यात ई-कॉमर्सवरून माल विकायला जीएसटी नोंदणी लागत नाही, नुसता नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर पाठवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

पेठेतला_पिंट्या
काका, सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये आयएसआय कोण बघणार?

कायदेशीर_काका
कुणी नाही. पण दोन वर्षांच्या पोराने उंदराचा डोळा गिळला तर सगळे बघतील.

अर्धा_खांब
काका बरोबर आहेत, कायदा बाजूला ठेवला तरी. सेफ्टी आय (मागून वॉशर लावायचे तयार प्लास्टिकचे डोळे) नावालाच सेफ्टी. वॉशर मागून पक्का बसला तरी विणकाम ताणलं की अख्खा डोळा टाक्यातून बाहेर येतो. लहान मुलांच्या हातात जाणार असेल तर डोळे काळ्या दोऱ्याने भरा. दिसतातही जास्त खट्याळ.

सई_०७
पिकाचू आणि डोरेमॉन ठेव ना!! खूप खपतात. माझ्या कॉलेजात एकीने चाळीस विकले.

कायदेशीर_काका
ती पात्रं कुणाच्या तरी मालकीची आहेत. उंदीर गणपतीचा आहे, तो नोटीस पाठवणार नाही.

शेवंता_नाशिक
मिल्क कॉटनच घ्या हां पण.

विदर्भकन्या
कापसाबद्दल कुणी बोललंच नाही. मी बजेट वाचवायला जुनी उशी उसवून सरकीचा कापूस भरला. पावसाळ्यात बाहुल्यांना जो वास सुटला, विचारू नका. धुतल्यावर पोटात गाठी झाल्या त्या वेगळ्याच. पॉलिस्टरचा फायबर घ्या, अर्ध्या किलोत खूप उंदीर होतात. चिमटी चिमटीने भरा, मोठा गोळा कोंबू नका. आणि लाल रंग आधी पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून बघा. माझ्या उंदराच्या उपरण्याचा रंग मोदकावर उतरला, मोदक गुलाबी. गिऱ्हाईक म्हणालं, स्ट्रॉबेरी का?

निवांत_नाना
भीमथडी जत्रेत स्टॉल घ्या. नाहीतर मुंबईत महालक्ष्मी सरसला जा. सोसायटीत काय विकणार?

हिशेबी_हेमा
नाना, ३००० रुपये. सरस बचतगटांसाठी असतं. तिचा गट कुठाय?

निवांत_नाना
करायचा मग गट.

कोथिंबीरवडी
सगळ्यांचे आभार. रविवार पेठेत जाऊन आले. मिल्क कॉटनमधला करडा हातात घेतला, तो नुसता सिमेंट. अ‍ॅक्रिलिकमध्ये मात्र हवा तस्सा धुरकट उंदीर-रंग मिळाला, तोच घेतला (शेवंताताई, सॉरी). सुई साधी २.५ ची. डोळे दोऱ्याचे. रबरं मी करणार नाही. दोन केली आणि तिसऱ्याला झोप आली. फक्त उंदीर करते, १४. चिठ्ठीवर "शोभेची वस्तू, खेळणं नाही" लिहिणार. ओळखपत्राचा अर्ज गणपतीनंतर. भाव ४००.

सुप्रिया_दोहा
४०० ला सोसायटीत कोण घेईल? रबरं ठेव गं थोडी तरी.

हिशेबी_हेमा
तुझी मर्जी. पण उरले तर मला सांगू नकोस.

माईआज्जी
शेपटीला नुसती साखळी घालू नकोस, पिळा पडतो. साखळीवरून परत मुका खांब घालत ये.

कोथिंबीरवडी
प्रदर्शन झालं. १४ पैकी ९ गेले. एका काकांनी तीन घेतले, एक मूर्तीपाशी ठेवायला, दोन अमेरिकेतल्या नातींना. घासाघीस झाली, पण शेपटी बोटाला गुंडाळून बघणारा माणूस बहुतेक घेऊनच गेला. आज्जी, ती शेपटी तुमच्या पद्धतीची. एकूण खर्च १८५०.

हिशेबी_हेमा
९ गुणिले ४०० म्हणजे ३६००. वजा १८५०, राहिले १७५०. १४ उंदरांचे ४२ तास. तासाला साडेएकेचाळीस रुपये. आणि स्टॉलवर बसलेले दोन दिवस मी धरलेच नाहीत.

कोथिंबीरवडी
ते धरू नकोस गं.

शेवंता_नाशिक
गोळे आले का?

सई_०७
उरलेल्या पाचातला एक मला हवाय. पण निळा करून मिळेल का?