सरसकट ‘ट्रोल’ नको : क्रिकेटवेड्यांच्या गोतावळ्यातल्या उपद्रवी मंडळींसाठी मराठी शब्द (टोपणनावांनी झालेली ऑनलाइन चर्चा)

अडकित्ता
सामना सुरू झाला की चाहत्यांच्या घोळक्यात नाना तऱ्हेचे पीळ जमतात आणि आपण सगळ्यांना एकच शिक्का मारतो : ट्रोल. आळशीपणा आहे हा. माणूस नेमका काय उपद्व्याप करतो, त्यावरून मराठीत वेगवेगळे शब्द तयार आहेत. ते इथे गोळा करू या, पण नुसती यादी नको. कुठे शोभतो आणि कुठे शोभत नाही, तेही लिहा.

माझ्याकडून दोन. पिंक टाकणारा आणि काडी टाकणारा. पिंक टाकणारा थांबत नाही. ‘संपला हा आता, निवृत्त व्हा म्हणावं’ एवढं लिहून पुढच्या गल्लीत. त्याला उत्तर देणाऱ्याचाच वेळ जातो, कारण ते वाचायला तो नसतो. काडी टाकणारा मात्र तिथेच बसून राहतो, पेटतंय का ते बघत. त्याच्या वाक्यात बहुधा दोन नावं असतात, एकाची स्तुती आणि त्याच दमात दुसऱ्याची टवाळी. नमुना : ‘२०११ चा विश्वचषक गंभीरने जिंकून दिला, धोनीने फक्त शेवटचा षटकार मारला.’ वानखेडेवरच्या त्या रात्री २७५ धावा हव्या होत्या. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला, संघाच्या ३१ धावांवर सचिनही गेला. गंभीरच्या ९७ आणि धोनीच्या नाबाद ९१, दोन्ही आकडे खरे. दोघांत १०९ धावांची भागीदारी झाली, हेही खरं. म्हणून तर ती काडी दरवर्षी २ एप्रिलला नव्याने पेटते. काडी टाकायला खोटं बोलावं लागत नाही, खऱ्यातला अर्धा भाग झाकला की पुरतं.

तळटीप
‘कळलाव्या’ यापासून वेगळा ठेवा. काडी चारचौघांत टाकतात, कळ लावायला दोन माणसं लागतात. ‘तिकडे तो तुमच्या लेखाला भिकार म्हणत होता’ असं सांगत स्क्रीनशॉट पोचवणारा तो कळलाव्या. हेच काम हेतूशिवाय, निव्वळ तोंडाला खीळ नाही म्हणून करतो तो चोंबडा. भोचक म्हणजे उलट दिशेचा. तो सांगत नाही, विचारतो. ‘तुम्ही मुंबईकर, मग चेन्नईला का पाठिंबा देता?’ आणि मग नोकरी कुठे, पगार किती.

बारावा गडी
‘आगाऊ’ हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी बसतो, त्यामुळे माझा लाडका. मोबाइलवरचं प्रक्षेपण टीव्हीच्या मागे असतं, कधीकधी अर्धा मिनिटही. टीव्हीवाला ‘गेला!!!’ असं ठोकून देतो तेव्हा मोबाइलवाल्यासाठी गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला उभा असतो. आगाऊ रक्कम देतात तसा आगाऊ निकाल, आणि वर आगाऊपणा. कोणाचं नाव न घेता तीन उद्गारचिन्हं टाकली तरी गुन्हा तोच.

रातांबा
माझा शब्द शंकासुर. मुळात तो शंखासुर, वेद पळवणारा दैत्य. कोकणात दशावतारात आणि शिमग्यात त्याचा संकासुर झाला, काळे कपडे आणि उंच टोपी. ‘शंका’शी त्याचा मुळात संबंध नाही, पण कानाला तो जुळला आणि प्रत्येक गोष्टीत शंका काढणारा तो शंकासुर, असा अर्थ रूढ झाला. ही चूक नव्हे, भाषेत असं चालतंच.

क्रिकेटमधला शंकासुर ओळखायचा तर पायचीतच्या निर्णयावर. ‘चेंडू यष्टीला लागताना दिसतोय, मग नाबाद कसा? सेटिंग आहे.’ त्याला सांगा : मैदानावरच्या पंचांनी नाबाद दिलं असेल तर तो निर्णय फिरवायला अर्ध्याहून अधिक चेंडू यष्टींच्या हद्दीत लागताना दिसावा लागतो. त्याहून कमी असेल तर ‘अंपायर्स कॉल’, म्हणजे पंचांचा मूळ निर्णय कायम, आणि रिव्ह्यूही शाबूत राहतो. म्हणून एकच चेंडू एका पंचाकडे बाद आणि दुसऱ्याकडे नाबाद असू शकतो. ही हद्द पूर्वी कडेच्या यष्टींच्या मध्यापर्यंतच होती, २०१६ मध्ये ती त्यांच्या बाहेरच्या कडेपर्यंत नेली. एवढं ऐकल्यावर ज्याचं समाधान होतं तो नुसता जिज्ञासू. ‘हो, पण कॅमेरा कोणाचा?’ असं पुढे विचारतो तो शंकासुर.

अडकित्ता
आणि खुसपट काढणारा? तोही ‘हो, पण’वालाच की.

रातांबा
नाही. शंकासुराचा विश्वास नसतो. खुसपट काढणाऱ्याला सगळं पटलेलं असतं, फक्त कौतुक सोसत नाही. शारजा, २२ एप्रिल १९९८, ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिनच्या १४३. ‘पण सामना हरलाच ना?’ हे खुसपट. अंतिम फेरीत जायला त्या दिवशी २३७ धावा पुरेशा होत्या, भारताच्या २५० झाल्या आणि दोन दिवसांनी अंतिम सामन्यात त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३४ करून त्याने चषक मिळवून दिला, हे खुसपटवाल्यालाही ठाऊक असतं.

बारावा गडी
आणि तेच वाक्य दर आठवड्याला आलं की खुसपटाचं तुणतुणं होतं. एकच तार, एकच स्वर, शब्द किती नेमका आहे बघा. ‘सचिनचं शतक झालं की भारत हरतो’ हे सर्वांत जुनं तुणतुणं. एकदिवसीय शतकं ४९. त्यांतले ३३ सामने भारताने जिंकले, १४ हरले, एक बरोबरीत सुटला, एक अनिर्णित. १६ मार्च २०१२ ला मीरपूरला शंभरावं आंतरराष्ट्रीय शतक झालं आणि बांगलादेशाने सामना जिंकला, ते मनात घट्ट बसलं. तुणतुणेवाल्याला हे आकडे एकदा द्यावेत. दुसऱ्यांदा देऊ नयेत, कारण मग तुमचंही तुणतुणं होतं.

त्याच्या मागे ‘अगदी बरोबर’, ‘शंभर टक्के’ करत येणारे ते झीलकरी. पोवाड्यात शाहिराच्या ओळीचं शेपूट उंच सुरात धरणारे. तिथे ती कला आहे, इथे नुसता गलका.

तळटीप
आता वाद घालतो. गेल्या काही चर्चांत ‘उंटावरचा शहाणा’ आणि ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ एकाच अर्थाने वापरलेलं दिसतं. ते चुकीचं आहे. शेळ्या हाकणारा आळशी असतो : काम त्याचंच, पण खाली उतरायला नको. उंटावरचा शहाणा हा बोलावून आणलेला सल्लागार. गोष्ट आठवा. वासराचं तोंड मडक्यात अडकलं, याला बोलावलं, हा उंटावरून उतरेना म्हणून आधी दार पाडलं, मग याने वासराची मान कापायला लावली आणि शेवटी मडकंही फोडलं. सल्ल्याने नुकसान झालं पाहिजे, तरच तो उंटावरचा शहाणा.

अडकित्ता
मग सोफ्यावर बसून अकरा खेळाडू निवडणारा चाहता यांतला कोण? निवड त्याचं काम नाही, म्हणजे शेळ्या हाकत नाही. सल्ला कोणी मागितला नाही आणि कोणी ऐकतही नाही, म्हणजे वासरू सुखरूप.

तळटीप
दोन्ही नाही. तो उपटसुंभ सल्लागार. फार तर दीडशहाणा.

बारावा गडी
दीडशहाणा नको. दीडशहाण्याला आपण जास्त शहाणे असल्याचा भ्रम असतो, ज्ञान असो वा नसो. थोडंसं खरोखर कळलेलं आहे आणि त्यावरच मिरवतोय, त्याला अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला म्हणतात. नमुना निव्वळ धावगतीचा (नेट रन रेट : दर षटकामागे केलेल्या धावांतून दर षटकामागे दिलेल्या धावा वजा). स्पर्धा शेवटाकडे आली की हे हळकुंडवाले कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. भागाकार माहीत असतो, पण दोन ठिकाणी घसरतात.

एक, ३४.२ षटकं म्हणजे चौतीस षटकं आणि दोन चेंडू. भागायचं ते ३४.३३३ ने. १५१ धावांना ३४.२ ने भागलं तर ४.४१५ येतात, खरं उत्तर ४.३९८. पात्रता कधीकधी तिसऱ्या दशांशावर ठरते, तिथे एवढा फरक म्हणजे गणितच चुकलं. दोन, संघ सर्वबाद झाला की खेळलेली षटकं मोजत नाहीत, पूर्ण कोटा मोजतात. पन्नास षटकांच्या सामन्यात ३४.२ षटकांत १५० वर सर्वबाद, तर धावगती ३.००. हे न धरता ‘आपण वर आहोत’ असं जाहीर करून पेढे वाटणारा, तोच तो पिवळा. वाक्यात असं वापरा : ‘अहो, आधी सर्वबादचा नियम वाचा, उगाच अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नका.’

रातांबा
याउलट नियम पाठ असणारा आणि दुसरं काहीच न बोलणारा, तो नियमावर बोट ठेवणारा. चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या, गोलंदाजाच्या टोकाच्या फलंदाजाला गोलंदाजाने धावचीत केलं की तो हजर. बाजू त्याची बरोबर असते. ऑक्टोबर २०२२ पासून हा प्रकार ‘अनुचित खेळ’च्या ४१ व्या कलमातून काढून ‘धावचीत’च्या ३८ व्या कलमात नेला आहे. पण लोक खिलाडूपणाबद्दल बोलत असतात आणि हा कलम सांगतो. एक मात्र त्याचं ऐकावं : १९४७ च्या सिडनीतल्या प्रसंगावरून विनू मांकड यांचं आडनाव या प्रकाराला चिकटवणं सोडून द्या.

अडकित्ता
‘कसोटी हेच खरं क्रिकेट, वीस षटकं म्हणजे तमाशा’वाले?

तळटीप
शिष्ट. मूळ अर्थ सुसंस्कृत, ‘शिष्टाचार’ आणि ‘शिष्टमंडळ’ यांत तो टिकून आहे. नुसता ‘शिष्ट’ म्हटलं की नाक वर. आणि तमाशाला हिणवायचं कारण नाही.

जिंकणाऱ्या संघाचा झेंडा दर मोसमात बदलणाऱ्यांसाठी ‘जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो’. यावर फार लिहायला नको.

बारावा गडी
शेवटचे दोन, हमखास गोंधळ होणारे. आयतोबा आणि आयत्या बिळावरचा नागोबा. हातातल्याच फोनवर धावफलक असताना ‘स्कोअर काय झाला?’ विचारणारा आयतोबा. त्याला फक्त ताटात वाढून हवं असतं, नुकसान काही नाही. नागोबा दुसऱ्याने तासन्‌तास खपून बनवलेला आकड्यांचा तक्ता उचलतो आणि स्वतःच्या नावाने डकवतो.

नागोबा पकडायचा तर तक्त्यातले आकडे तपासून फायदा नाही, ते सगळ्यांचे सारखेच असणार. दोन गोष्टी बघा. आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे आहेत : मधल्या काळात दोन सामने झाले असतील आणि तक्त्यात ते नसतील, तर माल जुन्या बिळातला. दुसरं, नाबादची फुली, नावांची आद्याक्षरं, शुद्धलेखनाच्या चुका. मूळ तक्त्यात ‘अझरुद्दीन’चा ‘अझरूद्दिन’ झाला असेल तर नागोबाकडेही तो तसाच सापडतो.

अडकित्ता
विचारलं तर म्हणतो, ‘व्हॉट्सॲपवर आलं होतं.’

बारावा गडी
मग खाली स्वतःचं नाव कशाला, एवढंच विचारायचं.