थर्मोस्टॅट काढून टाका म्हणे!

मल्टिजेटवाला
परवा सोसायटीच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांचा संदेश आला: "जुन्या डिझेल गाडीचा थर्मोस्टॅट काढून फेकून द्या. तो युरोपातल्या बर्फासाठी असतो, पुण्यात त्याचं काय काम? आणि कूलंट म्हणजे रंगीत पाणी. नळाचं भरा, पैसे वाचवा." खाली अठरा अंगठे. (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरणारी झडप, आणि कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव.) तेव्हापासून माझं डोकं तापलंय. ग्रुपवर उत्तर दिलं तर ते 'शुभ सकाळ'मध्ये वाहून जातं, म्हणून इथे फोरमवर लिहितो.

माझी गाडी 2010 ची, 1.3 मल्टिजेट डिझेल इंजिनाची, 1 लाख 62 हजार किलोमीटर झालेली. डिसेंबरपासून ॲव्हरेज साडेअठरावरून सोळावर आलं. गॅरेजवाल्याने आधी इंजेक्टरवर संशय घेतला, मग एअर फिल्टरवर, शेवटी "वय झालं साहेब गाडीचं" म्हणून मोकळा झाला. मग मी स्वस्तातला ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवणारी डबी) घेतला आणि मोबाइलवर इंजिनाचं तापमान बघत कोथरूडहून खेड-शिवापूरला गेलो. आकडा 64 वर अडलेला. नवले पुलापासून बोगद्यापर्यंतच्या चढाला 71, बोगदा ओलांडला की परत 62. जो थर्मोस्टॅट 88 ला उघडायला लागतो, तो कायमचा उघडाच राहिला होता.

इंजिन थंड असलं की ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी आत्ताच सुरू केलीय, मग तो डिझेल जास्त पाजत राहतो. ऑइलमधला ओलावा उडत नाही. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर होता, अक्षरशः बोटाने काढला. म्हणजे सद्गृहस्थ जे मुद्दाम करायला सांगतायत, ते माझ्या गाडीने आपणहून करून दाखवलं होतं.

कूलंटचं म्हणाल तर पुणे 560 मीटर उंचीवर आहे, इथे उघड्यावर पाणी 98 अंशांनाच उकळतं. कूलंटमधलं निम्मं ग्लायकॉल (उकळणं लांबवणारं रसायन) आणि रेडिएटरच्या झाकणाचा दाब मिळून उकळायचं तापमान 120 च्या पुढे जातं. गंज धरू नये म्हणून त्यात घातलेली रसायनं वेगळीच. 'रंगीत पाणी' म्हणे!

नवा थर्मोस्टॅट हाउसिंगसकट टाकला, कूलंट बदललं. जुनं निघालं ते चहाच्या रंगाचं. हीटर फुल्ल, हवा काढायचा ब्लीडरचा स्क्रू सैल, बुडबुडे थांबून सलग धार लागेपर्यंत बसून राहिलो. आता तापमान 88-90, ॲव्हरेजही दोनने वाढलं.

नारायणपेठी
ते सद्गृहस्थ मी नव्हे, पण असतो तर मला आनंदच झाला असता.

माझी इंडिका 2003 ची. थर्मोस्टॅट 2009 साली काढला, तो अजून माळ्यावरच्या डब्यात आहे. गाडीने खंबाटकी, वरंधा, आंबोली सगळे घाट केले. एकदाही बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो नाही. पाणी नळाचं. आणि माझ्या इंजिनाला मेकॅनिकल डिझेल पंप आहे, ईसीयूच नाही. मग डिझेल जास्त पाजतं कोण, मी?

तुम्हाला मोबाइलवर 64 दिसलं नसतं तर तुम्ही सुखात असता.

पाना_नंबर_दहा
पंचवीस वर्षं हात काळे केलेत म्हणून बोलतो. थर्मोस्टॅट म्हणजे फक्त अडसर नव्हे. आतली मेणाची गोळी तापली की फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. पण बऱ्याच इंजिनांत तोच थर्मोस्टॅट पलीकडची बायपासची वाट बंदही करतो. तो काढलात की बायपास कायम उघडा. निम्मं गरम पाणी रेडिएटरला बगल देऊन तसंच इंजिनात परत येतं. लोक येतात ना, "थर्मोस्टॅट काढला तरी घाटात तापतेच हो" म्हणत, ते यामुळे. पुढे हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालची सील) जाते. एका गिऱ्हाइकाला तीनदा सांगितलं होतं, चौथ्यांदा गाडी टोइंगने आली.

नारायणपेठी
'बऱ्याच इंजिनांत' म्हणजे सगळ्या नव्हे. माझी तापत नाही, याला काय म्हणाल?

मल्टिजेटवाला
मेकॅनिकल पंपाचा मुद्दा मान्य. तुमच्या गाडीला ईसीयूवाली भानगड नाही, घ्या. पण थंड इंजिनात सिलिंडर जास्त झिजतो, ते पंपाला विचारून होत नाही.

नारायणपेठी
मान्य केलंत, लिहून ठेवतो. बाकी झिजू दे. मीही झिजलोय.

वाकडकर_त्रस्त
सगळे 'नळाचं पाणी, नळाचं पाणी' करताय. कुणाचा नळ? आमच्या नळाला टँकर येतो, आणि टँकरवाला बोअरचं आणतो. माझ्या मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, 900 च्या वर. गीझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी होऊन गेली, बादलीच्या कडेला खडूची रेघ. हेच पाणी मी पाच वर्षं रेडिएटरमध्ये ओतत होतो, कारण कुणीतरी असाच शहाणपणा शिकवला होता. रेडिएटर उघडला तेव्हा निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या. फ्लॅट घेताना 'मुबलक पाणी' असं छापलं होतं बरं का, स्विमिंग पूलच्या फोटोखाली!

नारायणपेठी
वाकडला राहायला कोणी सांगितलं होतं? आमच्याकडे खडकवासल्याचं येतं. गोड पाणी.

वाकडकर_त्रस्त
हो ना, पेठेत राहायला हवं होतं. गाडी लावायला जागा नाही, पण पाणी गोड! तुमची इंडिका उभी कुठे असते हो, नदीपात्रात?

नारायणपेठी
असते. 1961 चा पूर वडिलांनी त्याच नदीत पाहिला. तेव्हा तुमच्या वाकडला शेतं होती.

आयटीपार्क_रात्रपाळी
अरे पण आरओचं पाणी घाला ना! घरी असतंच की सगळ्यांकडे.

पाना_नंबर_दहा
घरच्या आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, त्यामुळे भरवसा नाही. बॅटरीचं पाणी घ्या, पाच लिटरचा कॅन. नाहीतर तयार मिसळलेलं कूलंट घ्या, पाण्याचा प्रश्नच मिटला. हिरवं चांगलं की गुलाबी विचारू नका, रंगावरून काही कळत नाही. डब्यावर कुठलं स्पेसिफिकेशन लिहिलंय ते बघा. आणि दोन जाती एकत्र करू नका, गाळ झाला की मला शिव्या.

वाकडकर_त्रस्त
बॅटरीचं पाणी विकत, प्यायचं जारचं विकत, आंघोळीचं टँकरचं विकत. माझी गाडी माझ्यापेक्षा चांगलं पाणी पिते.

सिंहगडरोडची
तुमची पाण्यावरची भांडणं संपली असतील तर एक विचारते. काढलेलं जुनं कूलंट कुठे टाकलंत? आमच्या पार्किंगमध्ये एका हौशी मेकॅनिकने ते गटाराच्या तोंडाशी ओतलं. थारोळं तसंच राहिलं. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. खालची भुरी कुत्री ते चाटताना वॉचमनने बघितली. संध्याकाळी ती दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात होती, तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले किडन्या गेल्या. ॲव्हरेज दोनने वाढलं म्हणून तुम्ही नाचताय. डबा कुठे आहे ते सांगा.

मल्टिजेटवाला
डबा झाकण लावून बाल्कनीत आहे. तीन आठवडे झाले. गॅरेजवाला न्यायला तयार नाही. खरं सांगायचं तर बेसिनमध्ये ओतायचा विचार मनात आला होता.

पाना_नंबर_दहा
माझ्याकडे आणून द्या. वापरलेल्या ऑइलवाला येतो, त्याच्यासाठी वेगळ्या पिंपात ठेवतो. फुकट. बेसिनमध्ये नको.

ई20_पीडित
मूळ प्रश्न ई20 चा आहे, त्यावर कुणी बोलतच नाही.

वाकडकर_त्रस्त
ई20 पेट्रोलचं असतं, हा डिझेलचा धागा आहे भाऊ.

नारायणपेठी
सहज म्हणून आज सकाळी ऑइलचं झाकण उघडलं. थर आहे. पण सायीसारखा नाही, ताकासारखा आहे. यावरून काही सिद्ध होत नाही. गाडी आठवड्यातून एकदा मंडईपर्यंतच जाते, इंजिन तेवढ्यात तापणार कधी?

माळ्यावरचा थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून पाहिला. उघडला नाही. सौ. म्हणते ते पातेलं आता तुमचंच. तर, निव्वळ उत्सुकता म्हणून विचारतो, जुन्या इंडिकाचा थर्मोस्टॅट नाना पेठेत अजून मिळतो का?

मल्टिजेटवाला
मिळायला हवा. विचाराल तेव्हा नवी गॅस्केटही मागा. जुनी परत बसवू नका.

वाकडकर_त्रस्त
आणि पाणी?

नारायणपेठी
नळाचंच.