एकसारख्या दोन छोट्या गिटारी: ठेवू की एक बदलून घेऊ?

वाशिष्ठीकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, म्हणून आज लिहितेय. माझ्याकडे दोन गिटारी आहेत. एक कोर्ट एल450सी, 2019 च्या दिवाळीत नवी घेतलेली. दुसरी मार्टिन 000-15एम, 2022 मध्ये पुण्याच्या एका गृहस्थांकडून वापरलेली घेतली. दोन्ही छोट्या बॉडीच्या, दोन्हींचा टॉप (पुढची फळी) महोगनीचा, रंग तोच काळपट तांबूस. भिंतीवर शेजारी टांगल्या तर पाहुण्यांना फरक कळत नाही.

छोटीच का, तर माझा उजवा खांदा आखडला होता. आधीच्या ड्रेडनॉटवर, म्हणजे मोठ्या बॉडीच्या गिटारीवर, हात टाकला की दहा मिनिटांत कळ मानेपर्यंत जायची. आकडे बघितले तर ड्रेडनॉट रुंदीला 15⅝ इंच आणि 000 (माझ्या मार्टिनचं माप) असते 15, म्हणजे तिथे फारसं काही वाचत नाही. पण खोली 4⅞ वरून 4⅛ वर येते, आणि त्या पाऊण इंचाने माझा खांदा खाली आला. त्यामुळे मोठी गिटार मला परत घ्यायचीच नाही.

आता रत्नागिरीच्या एका ओळखीच्या मुलाकडे यामाहा एफएस830 आहे. स्प्रूस लाकडाचा टॉप, रोझवूडची पाठ. त्याला माझी कोर्ट हवी आहे. सरळ अदलाबदल, वर पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत. घरच्यांचं म्हणणं, एकसारख्या दोन कशाला, बदल की! त्यात तथ्य आहे. दोन्हींना एकाच दिवशी 12-53 जाडीच्या नव्या तारा चढवल्या आणि लेकीला पाठमोरं बसवलं. तेच भावगीत दहा वेळा वाजवलं, मध्येच गिटार बदलत. तिने सहा वेळा बरोबर ओळखलं. सहा म्हणजे अंदाजच. पण मांडीवर घेतल्यावर मला डोळे मिटून कळतं. मार्टिनची खालची ई (सगळ्यात जाड तार) गोल येते आणि पोटाला जाणवते. कोर्टचा आवाज मधल्या तारांवर जास्त भरतो, माणूस बोलल्यासारखा.

आणि एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय प्रश्न पुरा होत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा आम्ही तळमजल्यावर होतो. पहाटे अंगणात पाणी दिसलं. आधी आईला वर शेजाऱ्यांकडे नेलं, मग कागदपत्रं, मग लेकीची पुस्तकं. कोर्ट सगळ्यात शेवटी माळ्यावर टाकली, तीही पिशवीची चेन अर्धीच लावून. पाणी ओसरल्यावर उतरवली तर पिशवीला चिखलाचा वास, आणि ब्रिजची (तारा बॉडीवर जिथे अडकतात त्या पट्टीची) मागची कड उचललेली. पोस्टकार्डाचा कोपरा आत जाईल एवढी. बाकी लाकूड शाबूत! कोल्हापूरच्या एका कारागिराने ब्रिज पूर्ण सोडवून पुन्हा चिकटवला. तेव्हापासून काही त्रास नाही.

तर, ठेवू की बदलू? ज्यांनी अशा जुळ्या गिटारी ठेवल्या किंवा दिल्या, त्यांनी कृपया अनुभव सांगा.

डोंबिवलीकर

ताई, पुराचं वाचून गलबलून आलं. तरी मी बदला म्हणेन.

महोगनीच्या टॉपचा स्वभाव असा की हलक्या हाताला गोड लागतो, पण जोर दिला की आवाज एका मर्यादेवर थांबतो. स्प्रूस पुढे जात राहतो. तुम्ही शाळेत मुलांबरोबर वाजवत असाल तर चाळीस पोरांच्या गळ्यापुढे महोगनी दबते. शिवाय एफएस830 ची स्केल (तारेची वाजणारी लांबी) 634 मिमी, तुमच्या मार्टिनची 645. ताण स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे त्याच तारा यामाहावर साधारण साडेतीन टक्के सैल लागतील. खांद्याला नाही, पण डाव्या हाताच्या बोटांना ते जाणवेल.

मात्र ब्रिज पुन्हा चिकटवलाय हे त्या मुलाला आधी सांगा. बदलाबदलीत तेवढं चोख हवं.

वाशिष्ठीकाठची

ब्रिजचं त्याला पहिल्याच फोनवर सांगितलं, फोटोही पाठवले. तरीही हवी म्हणाला.

शाळेचं तुम्ही बरोबर ओळखलंत. मी मराठी शिकवते, आठवी-नववीच्या कविता चालीत बसवून म्हणून घेते. पण तिथे मला गिटार वर यायलाच नको आहे. मुलांचे शब्द ऐकू यायला हवेत.

एडिसनवासी

मूळचा गुहागरचा, आता न्यू जर्सीत. इथून नाझरेथचा मार्टिनचा कारखाना फार लांब नाही, जाऊन पाहून आलोय. तरीही थोडं उलटं बोलतो. द्यायचीच असेल तर मार्टिन द्यायचा विचार केलात का?

ती पूर्ण सॉलिड लाकडाची, प्लायवूड कुठेच नाही. अशा गिटारीला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. चिपळूणच्या जुलैत घरात किती असते ते तुम्हाला मी काय सांगणार! लाकूड ओल पितं, टॉप पोटासारखा फुगतो, ब्रिज वर जातो आणि तारा फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) लांब होतात. माझा त्रास नेमका उलटा आहे. इथे हिवाळ्यात हीटर लागला की हवा कोरडी होते, नेक आकसतो आणि फ्रेटची टोकं बोटाला करवतीसारखी लागतात. तुमची कोर्ट पुरातून उठून उभी राहिली, म्हणजे तुमच्या हवेची परीक्षा ती देऊन बसली आहे.

दुसरं, एफएस830 म्हणजे पुन्हा छोट्या बॉडीची, पुन्हा 14 फ्रेटचीच, म्हणजे नेक बॉडीला चौदाव्या फ्रेटपाशी जुळणारी. लाकूड बदलेल, पण हाताखालची घडण फारशी बदलणार नाही. बदलायचंच तर 12 फ्रेटची शोधा. 1929 मध्ये पेरी बेक्टेल नावाच्या बँजोवादकाने मागणी केली म्हणून मार्टिनने 14 फ्रेटची ओएम नावाची गिटार काढली, त्याआधी त्यांच्या गिटारींना बहुतेक 12 च असायचे. 12 फ्रेटला ब्रिज बॉडीच्या रुंद भागाच्या मधोमध येतो, आवाज भरीव होतो आणि डावा हात जवळ राहतो. तुमच्या खांद्यालाही बरं.

वाशिष्ठीकाठची

ओलीचं अगदी खरं. मी पट्टी लावून मोजलंय. मार्टिनची खालची ई बाराव्या फ्रेटपासून मेमध्ये 2.4 मिमी वर होती, ऑगस्टमध्ये 3 झाली. कोर्ट जेमतेम हलली. आता मार्टिन पावसाळाभर केसमध्येच असते, सोबत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक. पाकिटं दर रविवारी तव्यावर मंद आचेवर तापवून परत ठेवते. पण तिला द्यायचं मनात येत नाही. रात्री सगळे झोपल्यावर फक्त अंगठ्याने वाजवावी तर तीच.

मिरजकर

ताई, मी गिटारवाला नाही. आमच्या घरी तंबोरे. एक गोष्ट सुचवू?

आमच्याकडे जोडी बसवतात ती मुद्दाम सारखी. एका मापाचे भोपळे, एकाच हाताची जवारी. जोडी एकसारखी आहे म्हणून एक काढून टाकतो असं इथे कोणी म्हणणार नाही. एक पंचमात लावतात, दुसरा रागाप्रमाणे निषादात किंवा मध्यमात. सारखे असतात म्हणूनच दोन्ही स्वर एकमेकांत मिसळतात.

मग तुम्हीही दोन्ही एकाच सुरात कशाला ठेवता? माझा भाचा गिटार वाजवतो, त्याच्याकडून कळलं की डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावतात. आमच्या भाषेत ते सा-प-सा-म-प-सा झालं. यात मध्यम मोकळा वाजतो, त्यामुळे भूप बसणार नाही, पण दुर्गा बघा. सा रे म प ध. तीन स्वर मोकळ्या तारांवरच मिळतात.

डोंबिवलीकर

हे मला सुचलं नव्हतं! ताई, एक भर घालतो. त्यासाठी पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक सूर उतरवावी लागते. एकाच गिटारीवर रोज खालीवर केलं तर तारा लवकर मरतात आणि सूर टिकत नाही. एक गिटार कायम तशीच ठेवलीत तर जाड, 13 च्या तारा लावता येतील, सैलपणा भरून निघेल. पण चिकटवलेला ब्रिज आहे, आधी 12 च्याच ठेवून महिनाभर बघा.

वाशिष्ठीकाठची

रविवारी एसटीने रत्नागिरीला जाऊन आले. कोर्ट बरोबर नेली होती. यामाहा तासभर वाजवली. चांगली आहे, वरच्या तारा लखलखीत. त्या मुलाच्या आईने सोलकढी दिली, आणि ती पिताना त्याने माझी कोर्ट उचलून वाजवली. मी पहिल्यांदाच तिला समोरून ऐकत होते. घरी मी कायम तिच्या मागे असते. तो मधला भरलेला आवाज समोरून अजून स्वच्छ येतो. वर्गातल्या मुलांना हाच ऐकू येत असणार.

त्याला तिथेच सांगितलं की देत नाही. हिरमुसला, पण समजून घेतलं. त्याला अशीच महोगनीची कुठे मिळाली तर इथे जरूर कळवा, वापरलेली चालेल.

मिरजकर, काल रात्री कोर्ट सा-प-सा-म-प-सा लावली. 12 च्याच तारा, ब्रिजखाली कागद घालून पाहिला, जात नाही. सहावी तार सोडली तेव्हा शेजारी टांगलेल्या मार्टिनची चौथी आपोआप घुमायला लागली. लेक अभ्यास टाकून बघायला आली. दुर्गाचा आरोह अजून अडखळतोय, धैवतावर बोट उशिरा पोचतं. तुमच्या भाच्याला विचाराल का, तो धैवत कुठल्या तारेवर घेतो?