प्रतिमा स्थिर करणारी दुर्बीण पक्षीनिरीक्षणाला कितपत उपयोगी पडते?

पाणथळप्रेमी:
मी बरीच वर्षे ८×४२ (आठ पट वर्धन, पुढचे भिंग ४२ मिमी रुंद) दुर्बीण वापरतो आहे. अलीकडे हात थोडा कापू लागल्यामुळे दूरच्या चिखलावर चरणारा टिलवा (चिमुकला पाणपक्षी) ‘छोटा टिलवा’ आहे की ‘टेमिंकचा टिलवा’, हे ठरवणे अवघड जाते. पाय काळे आहेत की पिवळसर, हे पाहण्यासाठी श्वास रोखून धरावा, तोवर पक्षी चार पावले पुढे गेलेला असतो. त्यामुळे कॅननची प्रतिमा स्थिर करणारी १२×३६ दुर्बीण घेण्याचा विचार आहे. वापरणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगावा.

सकाळची_फेरी:
तुमच्या कामासाठी ती योग्य ठरेल, असे माझे मत आहे. हाताचा कंप दुर्बिणीच्या वर्धनाइतक्याच पटीने वाढून दिसतो, म्हणून साधी बारा पटींची दुर्बीण नुसत्या हातात धरून बहुतेकांना फारसे काही साधत नाही. तुम्ही म्हणता त्या दुर्बिणीच्या प्रत्येक नळीत दोन काचांमध्ये तेलासारखा पारदर्शक द्रव भरलेला लवचीक प्रिझम असतो. सेन्सरांना हालचाल जाणवली, की त्या काचा किंचित कलतात आणि प्रकाशाची वाट तेवढीच उलट वळवतात. बटण दाबल्यावर थरथरणारे चित्र क्षणभरात जागच्या जागी बसते आणि पिसांच्या कडा दिसू लागतात. मी पहिल्यांदा हे पाहिले, तेव्हा बटण सोडून पुन्हापुन्हा दाबत राहिलो आणि समोरचा पक्षी कोणता होता, हेच पाहायचे राहिले.

मात्र काचेतून जितका प्रकाश येतो, तितकाच येणार. छत्तीसला बाराने भागले की डोळ्यात शिरणारी प्रकाशशलाका ३ मिमी रुंद निघते, तुमच्या ८×४२ मध्ये ती सव्वापाच आहे. भर उन्हात हा फरक जाणवत नाही, पण दिवस मावळल्यावर दाट झाडीत तो चांगलाच जाणवतो.

घिरट्या:
उडत्या पक्ष्यांविषयी लिहितो. दुर्बीण वेगाने फिरवताना बटण दाबलेले असेल, तर चित्र आधी मागे रेंगाळते आणि मग झोकांडी खाल्ल्यासारखे पुढे सरकते. काहींना त्याने मळमळते. पाकोळ्यांमागे फिरताना मी बटणाला हात लावत नाही, मात्र उंचावर संथ घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्यासाठी ते आवर्जून दाबतो. बॅटरी संपली तरी साध्या दुर्बिणीसारखे पाहता येते, पण ते बारा पटींच्या थरथरीसकट. थंडीत साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, म्हणून मी लिथियमचे दोन सेल शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो. माझी पहिली दुर्बीण पावसात आतून धुरकटली होती. तेव्हा ती जलरोधक आहे का, हे आधी तपासा. कॅननच्या १०×४२ ला पाण्याचे भय नाही, पण तिचे वजन किलोच्या वर जाते आणि दुपारपर्यंत मान त्याची तक्रार करू लागते.

जुनी_वाट:
ओळखीसाठी पक्ष्याच्या पायात घातलेल्या कड्यावरचे अंक दुरून वाचायचे असतील, तर तिपाईवरच्या स्पॉटिंग स्कोपला (एका डोळ्याने पाहायच्या, जास्त वर्धनाच्या दुर्बिणीला) पर्याय नाही. दुसरे असे, की ती १२×३६ सुमारे सहा मीटरांच्या अलीकडे फोकस होत नाही, त्यामुळे समोरच्या झुडपात चार मीटरांवर आलेला वटवट्या तिच्यातून धूसरच दिसेल. तेवढ्यासाठी तरी जुनी ८×४२ विकू नका.