मदत हवी आहे : तालुक्याची प्रगती उत्पन्नापलीकडे कशी मोजावी?

नमस्कार. बीड जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या प्रगतीवर मी टिपण लिहीत आहे. १९९० साली अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आलेला मानव विकास निर्देशांक आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न पाहतो, तर नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक पोषणापासून पिण्याच्या पाण्यापर्यंत १२ निकष धरतो. परंतु दिवाळीच्या सुमारास आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेलेल्या मुलाचे नाव शाळेच्या पटावर तसेच राहत असेल, तर त्याचे बुडालेले महिने कोणत्या रकान्यात मांडावेत, हे मला सुटत नाही. (मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हे कर्ज आहे, ती उत्पन्नात धरू नये, असे माझे ठाम मत आहे.) हंगामी स्थलांतर आणि उन्हाळ्यात पाण्यापायी जाणारे बायकांचे तास मोजणारी, गावपातळीवर झेपेल अशी प्रश्नावली कोणी वापरली असल्यास कृपया कळवावे.