मूठ, पसा, ओंजळ, वाटी: घरच्या मापांचे अर्थ आणि वजनं

प्रश्न (पुणे)

वडिलांना मधुमेह आहे. आहारतज्ज्ञांनी लिहून दिलंय: एका वेळी कच्चे तांदूळ ३० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, फुलके दोन, दिवसाचं तेल तीन चमचे. आईचा हिशेब मात्र हाताचा. माणशी एक मूठ आणि वर एक मूठ भांड्याची. मूठ, पसा आणि ओंजळ यांत नेमका फरक काय? आई पसा म्हणताना एक हात पुढे करते, मावशी दोन्ही हात जुळवते. आणि यांची ग्रॅमशी सांगड घालता येईल का?

प्रतिसाद (सातारा)

ताई, पसा एका हाताचाच. बोटं जुळवून तळहाताचा खळगा केला की तो पसा, दोन्ही हात जोडले की ओंजळ. शब्दाचं मूळ संस्कृत ‘प्रसृति’. आयुर्वेदातल्या मापांत दोन प्रसृतींची एक अंजली धरतात, म्हणजे तुमच्या आईंचा एक हात आणि मावशींचे दोन हात हा हिशेब फार जुना आहे. मूठ पशापेक्षा लहान, कारण बोटं मिटली की हातात मावतं तेवढंच राहतं. बाकीचं फटींतून गळतं. दारी आलेल्याला ‘मूठपसा’ घालायचा, असा जोडशब्दही आहे. त्यात माप सैल ठेवलेलं असतं, देणाऱ्याच्या ऐपतीवर सोडलेलं.

जाता जाता: पसायदानातला ‘पसाय’ हा ‘प्रसाद’वरून आलेला शब्द. त्याचा या पशाशी संबंध नाही.

प्रतिसाद (सांगली)

सांगड घालण्याआधी आणखी दोन शब्द हाताशी असू द्या: ‘कैली’ आणि ‘वजनी’. जुन्या व्यवहारात धान्य भांड्याने मोजलं की ते माप कैली, तराजूने तोललं की वजनी. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, ही सगळी कैली मापं. याउलट ऐंशी तोळ्यांचा शेर हा वजनी, आजच्या हिशेबाने साधारण ९३३ ग्रॅम. नाव एकच, शेर, पण गोष्टी दोन. व्यापारी म्हणूनच कुठला शेर ते आधी विचारून घेत. १९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने ती लागू झाली आणि कैली हा शब्द बोलण्यातून गेला. पावशेर मात्र मंडईत टिकला. आज पावशेर मिरची मागितली की २५० ग्रॅम मिळते, ऐंशी तोळ्यांच्या शेराचा पाव भरायचा २३३ ग्रॅम.

तुमच्या घरातली अडचण नेमकी हीच आहे. मूठ, पसा, वाटी, चमचा ही मापं कैली आणि आहारतज्ज्ञांचा कागद वजनी. माझ्याकडची वाटी दीडशे मिलिलिटरची आहे. तीत तांदूळ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसतात, कणीक ऐंशीच्या आत, जाड पोहे जेमतेम पन्नास. ‘एक वाटी’ म्हटलं की काय मोजलं तेही सांगावं लागतं. सपाट की शीग लावून, तेही सांगावं लागतं. शीग म्हणजे मापाच्या काठावर चढलेला ढीग, ‘शिगेला पोचणे’ त्यावरूनच आलं. धान्याच्या मापाला शीग लावणं हा दिलदारपणा होता, पण मधुमेहाच्या पथ्यात त्याच शिगेने वीस-पंचवीस ग्रॅम सहज वाढतात.

प्रतिसाद (ठाणे)

घरचं माप आणि ग्रॅम यांची गाठ एकदाच घालायची असते, पण ती स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या भांड्याने. दुसऱ्याच्या मुठीचा आकडा उपयोगाचा नाही. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घ्या. त्यावर रिकामं ताट ठेवा, काटा शून्यावर आणा आणि आईंना म्हणा, नेहमीसारखी मूठ घाला. चार-पाच मुठी घालू द्या, मग भागाकार करा. एकच मूठ तोलली तर हात आपोआप जपून चालतो. खरं माप चार मुठींच्या सरासरीत कळतं.

मिठाच्या चिमटीलाही हाच उपाय. एक चिमूट काट्यावर दिसतच नाही, दहा चिमटी एकत्र घालून दहाने भागावं लागतं. आणि चिमूट दोन बोटांची की तीन बोटांची, तेही ठरवून घ्या, कारण फरक मोठा पडतो.

आपल्याकडे फळांची मापंही आहेत: लिंबाएवढी लाटी, सुपारीएवढं लोणी, लिंबाएवढी चिंच. ती मला फार आवडतात, कारण डोळ्यांना लगेच पटतात. मध्यम लिंबाएवढी लाटी साधारण ४५ ग्रॅम भरते. कोरड्या पिठाच्या वजनाच्या निम्म्याहून थोडं जास्त पाणी मुरलेलं धरलं तर तिच्यात कोरडं पीठ तीसच्या आसपास. तज्ज्ञ ‘दोन फुलके’ म्हणतात तेव्हा कोरड्या पिठाचे ग्रॅम किती, हे विचारून घ्या. भाकरीला हा हिशेब लावू नका, एका भाकरीचं पीठ याच्या दुप्पट सहज असतं. म्हणून तर चतकोर, अर्धी, पाऊण हे शब्द भाकरीला जास्त चिकटले.

पुन्हा प्रश्नकर्ती

तोलून पाहिलं. आईची तांदळाची मूठ ३६ ग्रॅमची, पसा जवळजवळ ६०. माझी मूठ २८. आई म्हणाली, ‘मग बाबांचा भात तूच टाक.’ आता वर जी भांड्याची मूठ असते ती बंद केलीय. शिजल्यावरही तोलायचं का?

प्रतिसाद (ठाणे)

कागदावर ‘कच्चे’ लिहिलंय ना, मग कच्चेच तोला. शिजल्यावर तांदूळ अडीच ते तीन पट होतात आणि ते पाण्यावर ठरतं. मोकळा भात आणि आसट भात यांचं वजन वेगळं येणारच. पण सगळ्यांचा भात एकाच कुकरात लागत असेल तर एक करा. बाबांच्या ३० ग्रॅमांचा भात एकदा वेगळा शिजवा आणि त्याची मूद कुठल्या वाटीत नेमकी बसते ते पाहा. ती वाटी बाबांची. पुढे रोज त्याच वाटीने मूद पाडायची, दाबून भरायची नाही.

प्रतिसाद (सातारा)

तेलाचं राहिलं. ‘चमचा’ हा या सगळ्यांत सर्वांत फसवा शब्द. चहाचा चमचा, पोह्याचा चमचा, वाढायचा चमचा, सगळ्यांना चमचाच म्हणतात. मोजमापात छोटा चमचा पाच मिलिलिटरचा आणि मोठा पंधराचा, पण घरातले स्टीलचे चमचे कारखान्यागणिक वेगळे. खोकल्याच्या औषधावर खुणांचं टोपण येतं, त्यात पाच मिलिलिटर पाणी घ्या आणि तुमच्या चमच्यात ओतून बघा. मोठ्या चमचाभर तेलाचं वजन १४ ग्रॅमच्या आत-बाहेर येतं, पंधरा नाही, कारण तेल पाण्याहून हलकं. तीन छोटे की तीन मोठे, हे आज फोन करून विचाराच. तिपटीचा फरक आहे.

पुन्हा प्रश्नकर्ती

विचारलं. छोटे. आई मोठ्याने घालत होती.